शके १८४५ चं पुस्तक झोटेरोत भरताना
झोटेरो या संदर्भ नोंदवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवरच्या लेखात म्हटलंय, बटण दाबलं की संदर्भसूची तयार. इंग्रजी शोधनिबंधांपुरतं अगदी खरं. डीओआय, म्हणजे निबंधाचा डिजिटल ओळखक्रमांक, टाकला की सगळी नोंद येते. पण मी साताऱ्यात राहून जुन्या मराठी पुस्तकांवर पीएचडी करतेय, वाईच्या प्राज्ञपाठशाळेत फेऱ्या असतात. तिथल्या पुस्तकांना कुठला डीओआय? हातानंच भरायचं. शीर्षकपानावर शके १८४५ असतं, ते तसंच तारखेत गेलं तर पुस्तक ७८ वर्षं मागं जातं! मी १९२३ लिहिते, मूळ शक ‘एक्स्ट्रा’ रकान्यात ठेवते. आणि कृपा करून नाव-आडनावाचे रकाने तपासा. माझ्या मैत्रिणीच्या प्रबंधात निम्मे लेखक सूचीत आडनावाऐवजी पहिल्या नावानं लागले होते, सादर करायच्या आदल्या रात्री दोघी पहाटेपर्यंत दुरुस्त करत बसलो.