चिलापीवरच्या त्या मेसेजला उत्तर

थंडी पडली की तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. यंदा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकाच दिवशी तिघांनी टाकला. मजकूर थोडक्यात असा: "उजनीच्या चिलापीला आणि तळ्यातल्या सगळ्याच माशांना नवा रोग आलाय. अंगावर लाल फोड, पोटात जंत. हे मासे खाल्ले की माणसालाही तसेच फोड येतात. जंत शिजवूनही मरत नाहीत, त्यातून कॅन्सर होतो. खायचेच असतील तर समुद्राचे मासे खा, त्यांत जंत नसतात." खाली फोटो: माशाच्या कुशीवर रुपयाएवढी लालभडक जखम.

माझं शिक्षण आणि काम दोन्ही गोड्या पाण्यातल्या माशांचं. हा मेसेज फिरल्यानंतरच्या एका रविवारी भिगवणला चिलापीची पाटी दुपारपर्यंत तशीच पडलेली मी पाहिली. विकणाऱ्या मावशी एकेका माशाचा कल्ला उघडून दाखवत होत्या, "बघा की दादा, सकाळचाच हाय." गिऱ्हाईक खिशातून फोन काढून त्यांना तो फोटो दाखवायचं आणि पुढे जायचं. मावशींकडे त्या फोटोला उत्तर नव्हतं. ते देणं माझं काम आहे.

आधी फोटोच बघू. लांबुळकं अंग, सापासारखं चपटं डोकं. ही मरळ आहे, चिलापी नव्हे. आणि मरळीच्या अंगावरचा तो व्रण ज्या रोगाचा वाटतो, तो रोग (ईयूएस, म्हणजे माशांचा साथीचा व्रणरोग) चिलापीला सहसा होतच नाही. सायप्रिनस (कॉमन कार्प) मासाही त्याला दाद देत नाही. मरळ, मागूर, मृगळ, कटला-रोहूची पिल्लं मात्र त्याला लवकर बळी पडतात. चिलापीवर लाल चट्टे दिसलेच, तर ते बहुतेक वेळा जाळ्याच्या ओरखड्यातून शिरलेल्या जिवाणूंचे असतात.

"नवा रोग" म्हणावं, तर याचं वय पन्नाशीच्या पुढे गेलंय. जपानमध्ये 1971 साली आणि ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये 1972 साली तो पहिल्यांदा नोंदला गेला. आग्नेय आशियातून सरकत तो 1988 च्या सुरुवातीला बांगलादेशात पोचला आणि त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या ईशान्येकडच्या राज्यांत शिरला. तेव्हाही लोकांनी मासे खाणं सोडलं होतं, भाव कोसळले होते, मासेमारांच्या घरी चूल पेटायची पंचाईत झाली होती. पुढे 1991 मध्ये केरळात तेच घडलं. मासे खाऊन माणसाला तो रोग झाल्याचं मात्र कुठेच आढळलं नाही.

असं का, हे रोगाचं कारण समजलं की आपोआप कळतं. ॲफॅनोमायसिस इन्व्हाडान्स नावाची ही पाण्यातली बुरशी आहे (शास्त्रज्ञ तिला खऱ्या बुरशीत धरत नाहीत, पण दिसते आणि वागते बुरशीसारखीच). मोठ्या पावसानंतर पाण्याचा सामू उतरतो, चुन्याचा अंश कमी होतो, मग पाणी गार पडतं. साधारण 18 ते 22 अंशांना माशाची प्रतिकारशक्ती मंदावते आणि हिचे बीजाणू पोहत येऊन कातडीवरच्या बारीक जखमेला चिकटतात. तिथून धागे सरळ मांसात उतरतात. आपल्याकडे हे हिवाळ्यातच का दिसतं, त्याचं उत्तर यात आलं. ही बुरशी 37 अंशांना वाढत नाही, आणि आपल्या अंगाचं तापमान नेमकं तेवढंच असतं. तिचे फोड माणसाला येतील कसे?

म्हणून फोड आलेला मासा खा, असं मी म्हणणार नाही. उघड्या व्रणात दुसरे जिवाणू माजतात, मांस लवकर नासतं. तो विकू नये, विकत घेऊ नये. आणि हाताला चीर असेल तर मासे साफ करताना जपा. मायकोबॅक्टेरियम मरीनमसारखे काही जिवाणू पाण्यातून किंवा माशावरून जखमेत शिरतात आणि बोटावर महिनोन्‌महिने न भरणारी गाठ येते. ती खाण्यातून येत नाही.

आता जंत. इथे मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो लोकांना पटतो. गोड्या पाण्यातल्या माशांत जंत असतात. शिवडा चिरताना त्याच्या पोटातला पांढरा फुगा कधी नीट पाहा. त्यात पुष्कळदा काळपट तांबडा, पानासारखा चपटा, बोटाच्या पेराएवढा किंवा त्याहून मोठा जीव हळूहळू आखडताना दिसतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी हातातली विळी खाली ठेवली होती. आईने फुगा उचलला, राखेत टाकला आणि म्हणाली, "शिवड्यात असतंच ते." रात्री कालवण झालंच. तो आयसोपारोर्किस, शिवड्याच्या फुग्यात राहणारा चपटा कृमी. फुगा, आतडी, कल्ले आपण फेकूनच देतो, त्यांच्याबरोबर तोही जातो. काही माशांच्या मांसात ज्वारीच्या दाण्यासारख्या पिवळ्या गाठी सापडतात. ते बगळ्याच्या घशात मोठं होणाऱ्या कृमीचं पिल्लू असतं. मासा हा त्याचा वाटेतला मुक्काम, पोचायचं असतं बगळ्यापर्यंत. आणि अंगाला टिकलीसारखी चिकटून रक्त पिते ती माशाची ऊ, आर्ग्युलस. ती तर नुसत्या डोळ्यांनी दिसते आणि धुताना निघून जाते.

"शिजवूनही मरत नाहीत" हे वाक्य मात्र धादांत खोटं आहे. मासा आतपर्यंत 63 अंशांना पोचला की हे कृमी आणि त्यांची पिल्लं मरतात. आपलं कालवण रटरटतं तेव्हा ते शंभराच्या जवळ असतं. उणे 20 अंशांच्या फ्रीझरमध्ये सात दिवस ठेवलेल्या माशातलेही मरतात. लिंबू, कोकम, मीठ-मसाला लावून मात्र ते मरत नाहीत. एवढं लक्षात ठेवा, कारण कॅन्सरचा मुद्दा इथूनच निघाला आहे.

ईशान्य थायलंड आणि लाओसमध्ये गोड्या पाण्यातले छोटे मासे कच्चे ठेचून, लिंबू पिळून खातात. थायलंडमध्ये त्या पदार्थाला कोई प्ला म्हणतात. त्या माशांत ओपिस्थॉर्किस व्हिवेरिनी नावाच्या यकृतकृमीची पिल्लं असतात. ती पोटात गेली की पित्तनलिकेत वर्षानुवर्षं ठाण मांडतात, आणि त्यातून पित्तनलिकेचा कॅन्सर होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1994 मध्ये या कृमीला कॅन्सरकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं. ही खरी आणि दुःखाची गोष्ट आहे, ईशान्य थायलंडमधल्या खोन केनच्या आसपासची अनेक घरं तिने उद्ध्वस्त केली आहेत. पण ती कच्च्या माशाची गोष्ट आहे. ती उचलून भिगवणच्या तळलेल्या चिलापीला चिकटवणं हा त्या माणसांवरही अन्याय आहे आणि आपल्या मावशींवरही.

समुद्राच्या माशांत जंत नसतात? ॲनिसाकिस हा समुद्री माशांतलाच जंत. हेरिंग, कॉड, बांगड्याच्या जातकुळीतले मासे यांत तो वेटोळं करून बसलेला असतो, आणि जपानमध्ये कच्च्या माशातून तो पोटात जाऊन लोक दवाखान्यात पोचतात. त्यालाही उपाय तोच, चुलीचा.

काळजी करायचीच, तर ती औषधांची करा. ऊ पडली म्हणून तळ्यात पिकावरची कीटकनाशकं ओतणारे शेतकरी मी पाहिलेत. खाण्याच्या माशांसाठी मनाई असलेलं मॅलकाइट ग्रीन अजून कुठे कुठे वापरलं जातं. उजनीत पुणे-पिंपरीचं सांडपाणी येतं, हाही प्रश्न खरा आहे. यांवर कुणी मेसेज लिहिला तर मी स्वतः पुढे पाठवीन.

तळं असलेल्यांसाठी थोडं. ऊ आपली अंडी कडक पृष्ठभागावर घालते, म्हणून तळ्यात बांबू रोवून ठेवा. दर आठवड्याला तो काढून कडक उन्हात वाळवला की अंडी मरतात, औषध लागत नाही. पावसाळा सरला की पाण्याचा सामू तपासून चुना द्या. फोड दिसलेच तर भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने काढलेलं सिफॅक्स हे औषध आहे, एक हेक्टर तळ्याला मीटरभर पाणी असेल तर एक लिटर. मेलेले मासे बांधावर फेकू नका, चुना टाकून पुरा. आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात नमुना न्यायचा असेल तर आजारी पण जिवंत मासा त्याच तळ्याच्या पाण्यात न्या. मेलेला असेल तर बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा, दुसऱ्या दिवशी त्यातून काही कळत नाही.