आधी रिव्ह्यूतलं गावाचं नाव काढा, मग आमच्यावरच्या रागाचं बोलू

भाऊ, नमस्कार. शहाद्याला कोर्टासमोर टायपिंग, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, त्याचा मालक लिहितोय. तुम्ही एक तारा दिलाय आणि लिहिलंय की आम्ही मनोधैर्यचा, म्हणजे लैंगिक अत्याचार झालेल्यांना सरकारी आर्थिक मदत देणाऱ्या योजनेचा, अर्ज भरून दिला नाही, एफआयआरची साधी कॉपी काढता आली नाही, 'समोर कोर्टात जा' म्हणून हाकललं आणि काउंटरवरची मुलगी उद्धट बोलली.

या सगळ्याला उत्तर देतो. पण आधी एक काम करा. रिव्ह्यूत तुम्ही गावाचं नाव टाकलंय, पीडित मुलगी तुमची कोण लागते तेही लिहिलंय, आणि वर तुमचं आडनावासकट नाव आहेच. एवढ्यावर गावातलं शेंबडं पोरही सांगेल कोणाच्या घरचं प्रकरण आहे ते. अशा गुन्ह्यात पीडितेची ओळख पटेल असं काहीही छापणं किंवा प्रसिद्ध करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आपण घरचेच आहोत, रागात लिहिलं, हे कारण तिथे चालत नाही. मी गूगलला कळवलंय, पण त्यांना वेळ लागेल. तुम्ही स्वतः बदललंत तर आत्ता जाईल. रिव्ह्यू पुसू नका, एक तारा राहू द्या. फक्त गाव आणि नातं काढा.

तुमच्या प्रकरणाबद्दल इथे मी एक शब्दही लिहिणार नाही. खाली जे आहे ते अशा कामासाठी आमच्याकडे येणाऱ्या कोणालाही लागू आहे.

एफआयआरचं घ्या. पोलिसांच्या वेबसाइटवर चोरी, मारामारी, अपघात यांच्या एफआयआर दिसतात, आम्ही रोज प्रिंट काढतो. लैंगिक गुन्ह्यांच्या आणि पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालच्या, तिथे टाकतच नाहीत. २०१६ साली सुप्रीम कोर्टाने एफआयआर वेबसाइटवर टाकायचा आदेश दिला, तेव्हाच असे संवेदनशील गुन्हे त्यातून वगळले. म्हणजे शहाद्यात काय, मुंबईतही कोणी तुम्हाला ती डाउनलोड करून देऊ शकणार नाही. 'देतो' म्हणाला तर तो कुठून आणतोय ते विचारा. ती कॉपी पोलीस ठाण्यातून मिळते, आणि फुकट मिळते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तक्रार देणाऱ्याला किंवा पीडितेला कॉपी विनामूल्य द्यायची असं स्पष्ट म्हटलंय. ठाण्यात 'साहेब नाहीत' हे उत्तर मिळालं तर तेच कलम कागदावर लिहून अर्ज द्या. तो अर्ज आम्ही टाइप करून देतो, पानाचे पैसे घेतो.

आता मनोधैर्य. ही योजना २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. २०१७ च्या बदलानंतर मंजुरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेली आणि रक्कम दहा लाखांपर्यंत वाढली. प्राधिकरणाचं ऑफिस नंदुरबारला जिल्हा कोर्टात, आणि तालुक्याची विधी सेवा समिती आमच्या दुकानासमोरच्या कोर्टात. तिथे अर्ज भरून देणं हे त्यांचं कामच आहे, एक रुपया न घेता. बाई किंवा मूल असेल तर मोफत वकीलही मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. रस्ता ओलांडला की जे काम फुकट होतं, त्याचे तीनशे-चारशे मी घ्यायचे का? अर्ज न भरण्याचा नियम मी स्वतः केलाय आणि तो बदलणार नाही.

दुसरं कारण तुम्हाला माहीत असेल. 'सगळीकडे पैसे घेऊन काम होतं' असं तुम्हीच लिहिलंय. आपल्या भागात फिरणारे काही एजंट अर्जाचे पैसे घेत नाहीत, मंजूर रकमेत वाटा मागतात. मंजूर रकमेचा मोठा भाग मुलीच्या नावाने मुदत ठेवीत जातो, हातात थोडीच येते. एजंटचा वाटा त्या थोड्यातून निघतो. आरोपी सापडलेला नसला तरी भरपाईचा अर्ज करता येतो, केसचा निकाल लागेपर्यंत थांबावं लागत नाही, हे तो सांगत नाही. चौकशी दोन महिन्यांत संपवायची असं कायद्यात आहे, तेही नाही. त्याला घाई नसते.

पोक्सोत अजून एक वाट आहे, तिची माहिती आमच्याकडे येणाऱ्या वकिलांच्या कारकुनांनाही नसते. २०२० च्या नियमांत बाल कल्याण समिती मुलाच्या जेवण, कपडे, प्रवासासाठी तातडीची रक्कम सुचवू शकते आणि ती आठवड्याभरात द्यायची असते. धडगाव, मोलगीकडून खाली येणाऱ्यांची एका फेरीत दिवसाची मजुरी जाते, आणि पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड कोसळली की गाडी फिरून येते, मग दुसरा दिवसही जातो. त्यांनी हे पैसे मागायलाच हवेत. अ‍ॅट्रॉसिटी लागली असेल तर समाजकल्याणकडून वेगळं अर्थसाहाय्य आणि प्रवासखर्च आहे. पण आरोपीही आदिवासीच असेल तर तो कायदा लागत नाही, आणि आपल्याकडे बऱ्याचदा गाडी तिथेच अडते. तेव्हा समाजकल्याणला हेलपाटे घालण्याआधी एफआयआरमध्ये कलमं कोणती आहेत ते बघून घ्या.

काउंटरवरच्या मुलीचं. ती तुम्हाला 'कागद पिशवीत ठेवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका' असं म्हणाली. तेव्हा दुकानात सातबारा काढायला आलेली चार माणसं उभी होती आणि आमचा स्क्रीन रस्त्याकडे तोंड करून आहे. झेरॉक्सच्या दुकानाचा नंबर म्हणजे गावाची चावडी. लोक आधार, पासबुक, दाखले सगळं पाठवतात आणि ते आमच्या फोनमध्ये पडून राहतं. पोक्सोची कागदपत्रं आमच्या फोनमध्ये नकोत, हे मीच तिला शिकवलंय. तिने तेवढंच केलं. ती माझी कामाला ठेवलेली मुलगी आहे, तिच्या बाजूने मी उभा राहणारच.

मुलीला सोबत आणू नका, हे मात्र मी सगळ्यांनाच सांगतो. आमच्याकडे तर नाहीच, पण जबाबासाठी ठाण्यातही तिला बोलावून बसवायचं नसतं. पोक्सोत जबाब घरी किंवा तिला बरं वाटेल तिथे घ्यायचा असतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, वर्दीशिवाय. ती पावरी किंवा भिलीत बोलत असेल तर दुभाषा मागा. बोलणं पावरीत आणि टाइप मराठीत झालं की मधे काय गळतं ते मी टायपिंगवाला म्हणून सांगू शकतो, उलटतपासणीत नेमकं तेच बाहेर काढतात. समुपदेशन, दवाखाना, काही दिवस राहायची सोय यासाठी नंदुरबारला सखी वन स्टॉप सेंटर आहे. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे नंबर रात्रीही लागतात. विधी सेवेचा नंबर १५१००. उपचार सरकारी-खासगी कुठल्याही दवाखान्यात फुकट आहेत, नाकारले तर तो गुन्हा आहे.

आमच्याकडे यायचं ते या कामांसाठी: पासबुक आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर बँकेला द्यायचा अर्ज, ठाण्याला द्यायचा अर्ज, झेरॉक्स. मागच्या बाजूला आमचं छोटं ऑफिस आहे, दार लागतं, तिथे बसून टाइप करून देऊ. मनोधैर्यचा अर्ज मात्र समोर विधी सेवा समितीतच, कोर्टाची सुट्टी नसेल त्या दिवशी, सकाळी लवकर. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका.