तुरीचा भाव पडला, हप्ता का नाही पडला?

आज सकाळी शेजारचे भाऊ गृहकर्जाचं स्टेटमेंट घेऊन आले. छपरीत बसले अन् म्हणाले, "कर्ज फेडून राह्यलो का वाढवून राह्यलो, काईच समजून नाई राह्यलं." ते वाक्य दिवसभर डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो.

एप्रिल 2022 मध्ये त्यांनी पोरासाठी तालुक्याला घर घेतलं. 15 लाख, 240 हप्ते. रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते तो, 4 टक्के, वर बँकेचे 3 (यालाच स्प्रेड म्हणतात), म्हणजे 7 टक्के. हप्ता 11,629. लगेच 4 मे रोजी रिझर्व्ह बँकेनं ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर दर वाढवला आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत रेपो 6.50 वर नेला. भाऊंचा दर झाला साडेनऊ. 15 लाखावर साडेनऊनं महिन्याचं नुसतं व्याजच 11,875 होतं. हप्त्याहून जास्त! मुद्दल फिटणं दूर, ते उलटं वाढायला लागतं. मग बँकेनं मुदत 360 महिन्यांवर नेली, हप्ता 12,400 केला. विचारलं कोणी नाही, इंग्रजीत एक मेसेज आला.

दर ठरतो कसा, तेही सांगतो. 2016 पासून कायद्यानंच महागाईचं लक्ष्य 4 टक्के, खाली 2 अन् वर 6 ची मर्यादा. सलग तीन तिमाही त्याबाहेर गेली तर रिझर्व्ह बँकेनं सरकारला लेखी कारण द्यायचं. 2022 मध्ये ते द्यावं लागलं. अमेरिकेच्या जॉन टेलर या अर्थतज्ज्ञानं 1993 मध्ये मांडलेलं सूत्र सांगतं की महागाई एक टक्का वाढली की दर दीड टक्का वाढवा. आपल्याकडे सहा जणांची समिती मतदान करते, पण दिशा तीच. लोकांच्या हाती पैसा जास्त होऊन भाव चढले तर हा उपाय चालतो. पण तेव्हाच्या महागाई मोजायच्या निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा जवळपास 46 टक्के होता. तूर धुवारीनं, म्हणजे धुक्यानं, फुलं टाकते, मर रोगानं उभी वाळते. रेपो वाढवून शेंगा भरतात का, बाप्पा?

दोन वर्षं दर 6.50 वर अडून राहिला, मुख्य कारण अन्नाचे भाव. त्याच काळात तुरीची आयात मोकळी होती, जून 2023 पासून साठ्यावर मर्यादाही आली. 2024 मध्ये क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलेली तूर पुढच्या हंगामात 7,550 च्या हमीभावाखाली विकावी लागली. भाऊंच्या वावरातला भाव पाडला महागाईसाठी, घराचा हप्ता वाढवला तोही महागाईसाठी. एकाच घरातून दोनदा वसुली! संताप येतो.

महागाई मोकाट सुटली तर पहिला मार मजुराला बसतो, हे मान्य. पण मग उतरताना तरी इमान ठेवा! फेब्रुवारी ते डिसेंबर 2025 मध्ये रेपो सव्वा टक्का उतरून 5.25 झाला. भाऊंच्या स्टेटमेंटवर दर अजून 9.25. पाव टक्का पोचला, बाकीचा एक टक्का वाटेतच राहिला. 8.25 लावला तर याच हप्त्यात उरलेले 300 महिने 240 च्या आसपास येतात. पाच वर्षांचे हप्ते आहेत हे!

असो. रागानं हप्ता कमी होत नाही. आधी मंजुरीपत्र काढा अन् कर्ज कशाला जोडलंय ते पाहा. व्यापारी बँकेचं 1 ऑक्टोबर 2019 नंतरचं फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं, गृहकर्ज असेल तर ते बाहेरच्या दराशी, बहुतेक रेपोशीच, जोडलेलं असतं, आणि तीन महिन्यांतून एकदा तरी दर बदलावाच लागतो. ग्रामीण बँक, पतसंस्था, फायनान्सवाले यांना ती सक्ती नाही, अन् खेड्यातला माणूस नेमका तिथंच जातो. पीककर्ज वेगळं, त्याचा 7 टक्के दर अन् वेळेवर भरल्यावरची 3 टक्के सवलत रेपोवर चालत नाही.

अर्जात तीन गोष्टी मागा: रेपो अन् स्प्रेड वेगवेगळे, दर बदलल्याच्या तारखा, उरलेल्या हप्त्यांचा तक्ता. स्प्रेड मध्येच वाढलेला दिसला तर कारण लेखी मागा. हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडायचा हक्क रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकानं कर्जदाराला दिलाय. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का अन् तारीख घ्या. साहेब तोंडी "होऊन जाईल" म्हणाले तरी शिक्क्याशिवाय उठू नका. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा, पैसे लागत नाहीत. तूर विकून हाती रक्कम आली तर मुद्दलात भरा, फ्लोटिंग गृहकर्जावर त्याचा दंड नाही.

भाऊंचा अर्ज लिहून झालाय. सोमवारी शाखा उघडली की देणार आहेत. ज्यांचं स्टेटमेंट असंच दिसतंय त्यांनी मंजुरीपत्र घेऊन रविवारी संध्याकाळी छपरीत या.