कायदा आहे, मग अडतं कुठे?

"गर्भपात १९७१ पासून कायदेशीर आहे, सरकारी रुग्णालयात फुकट होतो, तरी बायका चोरून गोळ्या घेतात. निव्वळ अडाणीपणा!" हा मजकूर व्हॉट्सॲपवर सारखा फिरतो. त्यातलं एकेक विधान तपासू.

कायदेशीर आहे, पण अटींसह. मुळात १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा बाईला हक्क देत नाही, डॉक्टरला संरक्षण देतो. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं. २० ते २४ मध्ये दोघांचं, तेही ठरावीक गटांतल्या स्त्रियांपुरतं. कायद्याच्या चौकटीबाहेरचा गर्भपात भारतीय न्याय संहितेत आजही गुन्हा आहे.

'सरकारी रुग्णालयात होतो' म्हणणाऱ्यांनी ऊसतोड मजूर बाईचा विचार करावा. बीडहून कारखान्यावर निघालेलं नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली. बाई दवाखान्यात गेली की खाडा, आणि खाड्याचा दंड. प्राथमिक आरोग्य केंद्रात गर्भपाताचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असेलच असं नाही. मग तालुक्याला किंवा जिल्ह्याला जा. तिथे "नवऱ्याला घेऊन या" म्हटलं की कोयताच बंद. असे हेलपाटे घालण्यात आठवडे सरतात आणि मुदत उलटते. याला अडाणीपणा म्हणणं मला संतापजनक वाटतं.

नवऱ्याची सही तर कायद्यात कुठेच नाही. सज्ञान स्त्रीला स्वतःची संमती पुरते. परित्यक्तेने ती सही आणायची कुठून?

अल्पवयीन मुलींची अडचण वेगळी. पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं डॉक्टरला बंधनकारक. मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली तर तिची ओळख उघड करायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ ला सांगितलं. अविवाहितांनाही २४ आठवड्यांची मुदत त्याच निकालाने मिळाली. पण पोलिसांचं नाव निघालं की घरचे मुलीला मागच्या दाराने परत नेतात.

आता गोळ्या. २०१५ मध्ये देशात अंदाजे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, त्यांतले सुमारे ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी. एवढ्या साऱ्या बायका अडाणी? गोळ्या योग्य मात्रेत आणि वेळेत घेतल्या तर सुरक्षित असतात. मात्रा सांगणारं कुणी भेटत नाही, हा धोका आहे. महाराष्ट्रात तर लिंगनिदानविरोधी कारवाईच्या धास्तीने अनेक औषध दुकानदार त्या ठेवतच नाहीत. या गोळ्या ९ आठवड्यांपर्यंतच्या. तोवर सोनोग्राफीत लिंग दिसतही नाही. अन्न व औषध प्रशासनाने एवढं जरी दुकानदारांना लेखी कळवलं, तरी चिठ्ठी घेऊन आलेली बाई रिकाम्या हाताने परतणार नाही.