लाळेत मेंदूचा नकाशा नसतो

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: 'अमेरिकन कंपनीने मेंदूतल्या सगळ्या जनुकांचा नकाशा बनवला. आता थेंबभर लाळेवरून कळेल, तुमचं मूल डाव्या मेंदूचं की उजव्या, आणि त्याचा कल कशात.' खाली एका केंद्राचा नंबर. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. गप्प बसवत नाही.

मेंदूत कुठलं जनुक कुठे चालू असतं ते दाखवणारा नकाशा खरा आहे, कंपनी मात्र नाही. सिअ‍ॅटलची अ‍ॅलन इन्स्टिट्यूट ही ना-नफा संस्था. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अ‍ॅलन यांनी 2003 साली 10 कोटी डॉलर देऊन ती सुरू केली. त्यांचे नकाशे कुणालाही फुकट बघता येतात. मी वर्गात दाखवते.

आता लाळ. खरी गफलत इथे आहे. लाळेतल्या पेशींतून डीएनए मिळतो, पण तो शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सारखाच. कुठल्या पेशीत कुठलं जनुक चालू आहे, हे त्यावरून दिसत नाही. घरोघरी भिंतीवर तेच कालनिर्णय असतं, पण दूध न आल्याच्या फुल्या ज्याच्या त्याच्या वेगळ्या. त्या बघायला त्या घरातच जावं लागतं. संस्थेने 2006 मध्ये पूर्ण केलेल्या उंदराच्या नकाशासाठी तेच केलं. मेंदूचे 25 मायक्रॉनचे, केसाहून पातळ काप काढले, एकेका जनुकाच्या आरएनएला (जनुक चालू असलं की पेशीत बनणारी त्याची नक्कल) चिकटणारा रेणू त्यांवर सोडला. जनुक चालू तिथे जांभळट ठिपके उमटले. असं सुमारे 20,000 जनुकांसाठी! माणसाच्या नकाशासाठीही मेंदूचा तुकडाच लागतो. त्यात सहा प्रौढांचे मेंदू आहेत, वयं 24 ते 57, सगळे मृत्यूनंतर दान केलेले. ऐन दुःखात घरच्यांनी दिलेल्या होकारावर हे ज्ञान उभं आहे. त्याची अशी जाहिरात झालेली बघून फार वाईट वाटतं.

डावा-उजवा मेंदू? बहुतेकांचं भाषेचं काम डावीकडे जास्त चालतं, हे खरं. पण याच संस्थेच्या 2012 सालच्या निष्कर्षांत दोन्ही बाजूंच्या जनुकांच्या कामात लक्षणीय फरक सापडला नाही. शिवाय दोन वेगळ्या माणसांचे मेंदू एकमेकांशी कमालीचे जुळले. म्हणजे मेसेज ज्यांचा दाखला देतो, त्यांचंच काम त्याला खोटं ठरवतं.

आणि कल? बुद्धीवर जनुकांचा प्रभाव असतो, पण तो असंख्य जनुकांत विखुरलेला, एकेकाचा वाटा अगदी किंचित. त्यावरून चित्रकला की गणित, हे निघत नाही.

शेजारच्या वहिनींनी काल मला लॅमिनेट केलेला रिपोर्ट दाखवला. चौथीतल्या लेकीच्या नावाखाली छापलंय: 'उजवा मेंदू 68%. गणित: कल कमी.' तिची गणिताची शिकवणी त्यांनी बंद केली. पोरगी दारातच उभी होती, सगळं ऐकत.

रविवारी मी वहिनींबरोबर त्या केंद्रात जाणार आहे. एकच विचारायचंय: हिच्या मेंदूतली पेशी तुम्ही काढलीत कुठून?