ती झोपडी त्याच्या घरातच होती

डॉक्टर दिन आला की ल्यूक फिल्ड्सचं ‘द डॉक्टर’ हे चित्र एका गोष्टीसकट फिरू लागतं. लंडनचा एक फाटका चित्रकार म्हणे कोळ्याच्या झोपडीत आजारी पोरापाशी रात्रभर बसला, दिसलं ते त्यानं रंगवलं आणि ते पोर त्याच पहाटे गेलं. चित्र माझ्या फार जवळचं आहे, म्हणून ही गोष्ट सलते.

फाटका तर तो नव्हताच. लंडनच्या केन्सिंग्टन भागात मेलबरी रोडवर नॉर्मन शॉ या नामांकित वास्तुविशारदानं खास त्याच्यासाठी बांधलेल्या लाल विटांच्या घरात तो राहायचा. पुढे इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड आपल्या व्यक्तिचित्रासाठी तिथल्याच स्टुडिओत येऊन बसला. ‘द डॉक्टर’साठी साखरसम्राट हेन्री टेटनं ३,००० पौंड मोजले होते.

झोपडीत बसून रंगवलं म्हणावं, तर कॅनव्हास साडेपाच फूट उंच आणि आठ फूट रुंद! फिल्ड्सनं कोळ्यांच्या झोपड्या हिंडून पाहिल्या, रेखाटनं केली आणि मग स्टुडिओतच खऱ्या मापाची झोपडी उभारून घेतली. बाहेर बड्या लोकांची वस्ती आणि आत गरिबाचं खोपटं. यात मला खोटेपणा दिसत नाही. हवा तो उजेड हव्या त्या जागी मिळावा म्हणून घेतलेले ते कष्ट आहेत.

‘दिसलं ते रंगवलं’ हे मात्र सर्वांत अन्यायाचं. १८७७च्या नाताळच्या सकाळी फिल्ड्सचा थोरला मुलगा, तान्हा फिलिप, केन्सिंग्टनच्या राहत्या घरी गेला. त्या दिवसांत डॉ. मरे ज्या मायेनं त्याच्यापाशी होते, ते आईबाप विसरले नाहीत. चित्र लोकांसमोर आलं १८९१ साली. म्हणजे ते डोळ्यांनी टिपलेलं नाही, चौदा वर्षं मनात वागवलेलं आहे.

आणि चित्रातलं पोर गेलेलं नाही. दोन खुर्च्या जोडून केलेल्या बिछान्यावर ते झोपलंय, एक हात खाली लोंबतोय. हनुवटीला हात लावून डॉक्टर एकटक बघताहेत. मागे आई टेबलावर कोसळलीय, बापाचा हात तिच्या खांद्यावर. दिव्याच्या पिवळ्या उजेडावरच नजर थांबते, पण जरा खिडकीकडे बघा. तिथे फटफटतंय. फिल्ड्सनं स्वतःच सांगितलं होतं की ही पहाट आईबापांना पुन्हा आशा देणारी आहे.