बिलियनला शून्ये नऊच

भाचीच्या वहीत काल वाचलं : 'पृथ्वीचं वय साडेचार लाख कोटी वर्षे.' इंग्रजी पुस्तकात सरळ ४.५ बिलियन छापलंय. हे कुठून काढलंस म्हटल्यावर तिने मोबाइल पुढे केला. 'इंग्रजी संख्यांचं दडवलेलं सत्य' हा मेसेज मलाही तीनदा आला होता आणि मी न वाचताच सोडला होता. म्हणे ट्रिलियनपुढे संख्यांना नावंच नाहीत, गूगोल या संख्येचं नाव गूगल कंपनीवरून पडलं, खरा बिलियन बारा शून्यांचा, नऊ शून्यांचा ही अमेरिकेची चूक, आणि ब्रिटनमध्ये आजही बाराच शून्ये धरतात.

हे 'आजही' साफ खोटं आहे. २० डिसेंबर १९७४ रोजी ब्रिटिश संसदेत नेमका हाच प्रश्न लेखी आला होता : मंत्र्यांनी बिलियन हा शब्द फक्त जुन्या ब्रिटिश अर्थानेच वापरावा, असं सरकार बघेल का? पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी नाही म्हणून सांगितलं. आंतरराष्ट्रीय व्यवहारात बिलियन म्हणजे हजार मिलियन धरतात, आपण वेगळा अर्थ धरला तर गोंधळ होईल, असं कारणही दिलं. म्हणजे नऊ शून्ये, आपले शंभर कोटी. या गोष्टीला पन्नास वर्षं होऊन गेली!

आणि चूक थोडीथोडकी नाही, हजार पटींची आहे. विश्वाचं वय १३.८ बिलियन, म्हणजे १३८० कोटी वर्षं. भाचीच्या वहीतली पृथ्वी त्या विश्वाहून तीनशे पटींनी जुनी झाली.

एक मान्य करावं लागेल. बारा शून्यांचा अर्थ कुणी हवेतून काढलेला नाही. निकोला शुके या फ्रेंच गणितज्ञाने १४८४ मध्ये बिलियन म्हणजे मिलियन गुणिले मिलियन असंच लिहिलं होतं, आणि जर्मन, फ्रेंच, स्पॅनिशमध्ये अजून तोच अर्थ चालतो. पण ती इंग्रजी नव्हे, आणि मेसेज इंग्रजीबद्दल आहे.

ट्रिलियनपुढे नावंच नाहीत, हेही चूक. क्वाड्रिलियन, क्विंटिलियन अशी रांग थेट सेंटिलियनपर्यंत जाते. नावातल्या लॅटिन अंकाला तीनने गुणून तीन मिळवा की शून्ये मिळतात : बाय म्हणजे दोन, म्हणून नऊ, सेंट म्हणजे शंभर, म्हणून ३०३. झिलियन मात्र संख्याच नाही, 'असंख्य' म्हणायची बोलीतली रीत आहे.

'गूगल कंपनीवरून गूगोल' हे तर पार उलटं. एकावर शंभर शून्यांना हे नाव एडवर्ड कॅस्नर या गणितज्ञाच्या नऊ वर्षांच्या भाच्याने सुचवलं, आणि ते १९४० मध्ये पुस्तकात छापूनही आलं. कंपनी १९९८ची. तिने नाव या संख्येवरून घेतलं.

हा मेसेज ज्यांनी मुलांच्या अभ्यासाच्या ग्रुपवर टाकला, त्यांनी दुरुस्तीही त्याच ग्रुपवर टाकावी. परीक्षा जवळ आली आहे.